आजोबांची दहा मिनिटं

चोर तुम्ही आहात. हे आधीच तोंडावर सांगितलेलं बरं, उगाच गोड बोलण्यात वेळ जायला नको. वेळेचा तर तुम्हाला भारी पुळका. फाटकावर काळा फळा टांगून त्यावर खडूने बायकांची नावं लिहिणारे तुम्ही. ‘वेळ पाळा’ अशी पाटी रंगवून घेणारे आणि स्वतः नऊला गाडीतून उतरणारेही तुम्हीच. चार मिनिटं उशीर झाला म्हणून एखादीला दिवसभर मान खाली घालायला लावलीत, आणि संध्याकाळी तिलाच जास्त बसवून घेतलंत तेव्हा तुमच्या घड्याळाची दातखीळ बसली. तुमचं नाव घ्यायची गरज नाही. प्रत्येक फाटकाच्या आत तुमच्यातला एक तरी असतोच. या घरात तर तुम्ही तिघं निघालात, आणि तिघांनाही वाटत होतं, चोरी आपण एकट्यानेच केली.

त्या दिवशी फळ्यावर सात नावं होती. सातही कानखोलीची.

कपांना कान जिथे लावतात ती कानखोली. साच्यातून निघालेला कप ओला असतो. त्याला तसाच कान चिकटवला तर भट्टीत गळून पडतो. फार सुकू दिला तर सांध्याला भेग जाते. मधली एक वेळ असते. कप बोटाला गार लागतो, पण बोट मातकट होत नाही. ती वेळ कुणाच्या बापाची चाकर नाही. हवा कोरडी असली की सातलाच येऊन उभी राहते, दमट असली की दहा वाजवते. म्हणून धाकट्या सुनेने बारा वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती. सहाला उठून ती बोटाने कप तपासायची, आणि कप तयार झाले की खिडकीत एक पांढरं फडकं टांगायची. समोरच्या गल्लीतल्या अकरा जणी आपापल्या दारातून ते बघायच्या आणि हातातलं काम टाकून यायच्या. काम संपलं की जायच्या. नाही संपलं तर थांबायच्या, आणि थांबा म्हणून त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी थोरल्या दिराने हजेरीचं मशीन आणलं. थोरला म्हणजे कारखान्याचा मॅनेजर. कामगारांत त्याला ‘मिनिटकाटा’ म्हणत, अर्थात त्याच्या मागे. आठ म्हणजे आठ, मोबाइल फाटकावरच्या पेटीत, आणि खिडकीतलं फडकं बंद. “हा कारखाना आहे, धोबीघाट नाही,” तो म्हणाला होता. मशीनची वेळ त्याने कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवली. ते घड्याळ आजोबांनी लावलेलं, काचेतून सगळ्या अंगणाला दिसणारं. ते दहा मिनिटं पुढे असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ‘आजोबांची दहा मिनिटं’ म्हणजे या घरातला देवच. त्याला कुणी प्रश्न विचारत नसे.

आणि आज त्याच घड्याळाखाली ठरायचं होतं की कानखोलीची चावी धाकटीकडे राहणार की नाही. चावीबरोबर तीन बायकांची कामं जायची होती. त्यांतली पहिली ‘साडेआठ’. हे नाव तिला मशीन आल्यापासून पडलं. अंथरुणाला खिळलेल्या आईला आंघोळ घालून, भरवून, शेजारणीला सांगून ती यायची, तेव्हा घड्याळात बरोबर साडेआठ झालेले असायचे. एकोणीस वर्षं कान लावणारी ती बाई; तिने लावलेला कान हातोडीने तुटायचा नाही. पण फाटकावरचा पहारेकरीसुद्धा तिला बघून म्हणायचा, “आली साडेआठ.”

“बैठक चारला. चार म्हणजे चार,” मॅनेजरने सकाळीच बजावलं होतं.

भिंतीवर चार वाजले तेव्हा कचेरीत चौघं होती. मॅनेजर, समोर कागदांचा गठ्ठा घेऊन. आत्या, म्हणजे मालकांची थोरली बहीण, पॅकिंगची सर्वेसर्वा, कानावर पेन्सिल. दारापाशी धाकटा, म्हणजे मॅनेजरचा धाकटा भाऊ, भट्टी सांभाळणारा. दिवसाला सात वाक्यं बोलणारा माणूस. आणि त्याची बायको, आपली धाकटी. तिने पायाशी एक झाकलेली टोपली ठेवली होती. टोपलीच्या तळाशी काय आहे ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, आणि चीज तर नवऱ्याचीच होती.

मालक, म्हणजे या दोघा भावांचे वडील, दादा, अजून यायचे होते.

“मी कुणाच्या बाजूची नाही, आधीच सांगते,” आत्या म्हणाली. “मी गाडीच्या बाजूची आहे. मालाची गाडी दहाला सुटली पाहिजे. तुझे कप मला बाराला मिळतात, धाकटे.”

“कान असलेले कप बाराला मिळतात, आत्या. बिनकानाचे चालत असतील तर आठला देते.”

आत्याला हसू आलं. ते तिने खोकल्यासारखं करून गिळलं.

“विनोद पुरे,” मॅनेजर म्हणाला. “तुझ्या खोलीत शिस्त नावाची गोष्ट नाही. कुणी साडेआठला, कुणी नऊला. उद्या साचेवाले म्हणतील आम्हीपण फडकं टांगतो. परवा ड्रायव्हर.”

“ड्रायव्हर तर आजही त्याला वाटेल तेव्हाच येतो, भाऊजी.”

“त्याचं वेगळं. तो बाहेरचा आहे.”

“म्हणजे नियम फक्त आपल्या माणसांना?”

“काही विचारलं की उलटून विचारायचं! हेच ते.” त्याने भावाकडे पाहिलं. “तू काही बोलणार आहेस का?”

धाकट्याने खांदे उडवले. धाकटीला त्याचा राग आला नाही; सतरा वर्षांत ती सवय मोडली होती. तिचं सगळं लक्ष भिंतीवर होतं. चार पाच. चार पंधरा. दादा आल्याशिवाय तिला सुरुवात करायची नव्हती. डाव उलटला तर चावी जाईलच, पण साडेआठच्या आईच्या औषधाचं काय, हा विचार तिला पुनःपुन्हा टोचत होता.

चार पंचवीसला दार उघडलं. दादा आत आले, मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर टाकून खुर्चीत बसले. “बसा, बसा. हं, चालू करा.”

मॅनेजरने गठ्ठा उघडला. “दोन महिन्यांत कानखोलीचे एकशे चौऱ्याऐंशी लेट मार्क. त्यातले एकतीस स्वतः खोलीच्या प्रमुखाचे. हिचे. अंगणापलीकडे राहते आणि लेट!”

“सहापासून सुकवणीत असते मी. कप बघून झाले की मग कार्ड दाबते.”

“मशीनला सुकवणी कळत नाही.”

“मला तेच म्हणायचंय. मशीनला कळत नाही.”

दादांनी हात वर केला. माणूस वाईट नव्हता. वडिलांच्या सावलीत वाढलेला होता, आणि सावलीत वाढलेलं झाड जसं सरळ राहायला धडपडतं तसं त्यांचं झालं होतं. “हे बघ सूनबाई. माझे वडील म्हणायचे, वेळ पाळणारा माणूस शब्द पाळतो. त्यांनी घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं ते उगाच नाही. तू आजवर चांगलं सांभाळलंस. पण एका खोलीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, हे चालायचं नाही. चावी इकडे दे. तिघींचं उद्या बघू.”

“उद्या नाही, आजच,” मॅनेजर म्हणाला.

धाकटीने कमरेची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. पण हात चावीवरच ठेवला.

“देते. पण दादा, आजच्या फळ्यावर एक नाव लिहायचं राहिलंय. ते लिहिलं की देते.”

“कुणाचं?”

“तुमचं.”

आत्याने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली.

“बैठक चारची होती,” धाकटी म्हणाली. “तुम्ही किती वाजता आलात?”

“बरोब्बर चारला.” दादांनी मनगट पुढे केलं. “दारात पाय ठेवला तेव्हा चार.”

“भिंतीवर चार पंचवीस झाले होते. भाऊजी, तुम्ही पाहिलंत. चार म्हणजे चार म्हणाला होतात. उठा, खडू घ्या. पंचवीस मिनिटं लेट.”

“काहीतरीच!” मॅनेजर उसळला. “ते घड्याळ पुढे आहे, सगळ्यांना माहीत आहे.”

“किती पुढे?”

“दहा.”

“आत्या, किती?”

“दहा,” आत्या म्हणाली, पण जरा हळू.

“दादा?”

“दहा. माझ्या बापाने लावलेली दहा.”

“मग दहा वजा करा. तरी दादा पंधरा मिनिटं लेट. आणि दादा तर लेट नाहीत. त्यांचं घड्याळ खरी वेळ दाखवतं, फाटकावरच्या पेटीतले मोबाइल काढून ताडून बघा. मग ही वरची पंधरा मिनिटं कुणाची?”

बाहेर साचेवाला शीळ घालत होता. दादा छताकडे बघायला लागले. आत्या पेन्सिलीचं टोक नखाने टोकरत होती. मॅनेजरचे कान लाल झाले, आणि ते झाकायला त्या खोलीत काही नव्हतं.

पहिल्यांदा आत्या फुटली. बाईमाणसाला खोटं फार वेळ उचलवत नाही असं नाही. पण ती या सगळ्यांत थोरली होती आणि थकली होती.

“पाच माझी,” ती म्हणाली.

“अक्का!” दादा ओरडले.

“ओरडू नको, बाळ्या. सहा वर्षं झाली. गाडी रोज चुकायची. म्हटलं, पाच मिनिटांनी कुणाचं काय जातं? स्टुलावर चढले आणि सरकवला काटा.”

“स्टुलावर? म्हणजे तुझा पाय मुरगळला होता तेव्हा—”

“न्हाणीघरात पडले म्हणाले होते ना मी? नव्हते पडले न्हाणीघरात. त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो.”

“माहीत आहे,” दादांच्या तोंडून निसटलं.

आत्याने मान वळवली. “तुला कसं माहीत, बाळ्या? तू कधी चढलास त्यावर?”

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. सगळे म्हणत होते, आता पोराच्या हातात कारखाना, आता ढिलाई येणार. म्हटलं, बाबांची दहा तर आपली पंधरा. पाचच मिनिटं होती, अक्का.”

“दहा, पंधरा, वीस,” धाकटीने बोटं मिटत मोजलं आणि दिराकडे पाहिलं. “एक बोट उरलंय, भाऊजी.”

“मशीन बसवताना,” मॅनेजर पुटपुटला. “स्टूल डुगडुगतं हे कुणी सांगितलं असतं तर माझी पँट फाटली नसती.”

दारातून एक आवाज आला. धाकटा हसत होता. लग्नात हसला होता, त्यानंतर असा आत्ताच.

“हसायला काय झालं?” मॅनेजर भडकला. “ठीक आहे, चूक झाली. पाच-पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळत नाही. पण लेट ते लेटच. घड्याळ सगळ्यांना सारखं पुढे होतं. सकाळी पंचवीस मिनिटं लवकर यायचं, संध्याकाळी—” आणि तो मध्येच थांबला.

“बोला. संध्याकाळी काय?”

मॅनेजरने गठ्ठ्यातले कागद उगाच सरळ केले.

“संध्याकाळची घंटा दादा वाजवतात. मनगटावरच्या घड्याळाने. तेव्हा भिंतीवर सहा पंचवीस झालेले असतात. बायका काचेतून बघतात, विचारतात. तेव्हा तुम्हीच सांगता, ‘अहो, ते घड्याळ पुढे आहे.’ सकाळी तेच घड्याळ खरं आणि संध्याकाळी तेच पुढे. वा! असं घड्याळ मलाही पाहिजे, भाऊजी. मग माझा एकही कप कधी ओला राहायचा नाही.”

“हे तू मनाने रचतेस,” दादा म्हणाले, पण आवाजातला मालक निघून गेला होता.

धाकटीने टोपलीवरचं कापड ओढलं आणि टोपली टेबलावर उपडी केली. खडखडाट झाला. कपांचे कान, पांढरे, वाकडे, सांध्यापाशी साफ निघालेले, दोन-अडीचशे तरी असतील. काही घरंगळत दादांच्या मांडीवर पडले.

“हे नुसत्या गेल्या दोन महिन्यांचे आहेत. आठ म्हणजे आठ केल्यापासून बायका ओल्या कपापुढे बसतात. नुसतं बसलेलं तुम्हाला खपत नाही, म्हणून ओल्यालाच कान लावतात. मला आधी वाटलं, भट्टीचा दोष असेल. नवऱ्यावर संशय घेतला मी. म्हणून भट्टीच्या वह्या वाचायला काढल्या.”

कानांच्या ढिगावर पडलेल्या तीन जाड वह्या तिने उचलल्या. धाकटा दोन पावलं पुढे आला. स्वतःचं हस्ताक्षर असं सगळ्यांसमोर बघून त्याला कसंसंच झालं.

“हे दर अर्ध्या तासाला भट्टीची आच लिहितात. आणि घंटा झाली की घंटाही लिहितात. का हो?”

“घंटा झाली की फाटकं उघडतात,” धाकटा म्हणाला. “हवा शिरते. आच बदलते. लिहावं लागतं.”

“कुठल्या घड्याळाने लिहिता?”

“माझ्या. भट्टीला भिंतीवरचं कसं चालेल? माल जळेल.”

“ऐका. आजोबा होते तोवर सकाळची आठची घंटा सात पन्नासला. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी सात पंचेचाळीस. सहा वर्षांपूर्वी सात चाळीस. मशीन आलं त्या दिवसापासून सात पस्तीस. आणि संध्याकाळची, अकरा वर्षं, एक दिवस न चुकता, सहा. अकरा वर्षं लिहून ठेवलंय सगळं.”

“अकरा वर्षं लिहीत होतास आणि बोलला नाहीस?” मॅनेजर भावाच्या अंगावर धावला.

“कुणी विचारलं नाही.”

धाकटीने तिसरी वही उघडली. ही जुनी होती, कडा भट्टीच्या धगीने तपकिरी झालेल्या. ती तिने आत्यापुढे सरकवली. “अक्षर तुम्हीच ओळखा. मी वाचलं तर म्हणाल, सुनेने रचलं.”

आत्याने वही हातभर लांब धरली. वाचायच्या आधीच तिचे ओठ हलले; बापाचं अक्षर माणूस कधी विसरत नाही. मग ती मोठ्याने वाचायला लागली, थांबत थांबत.

“‘आज घड्याळ दहा मिनिटे पुढे केले, लोक घंटेआधी आत यावेत व भट्टीची हवा एकदाच बदलावी म्हणून. संध्याकाळी याच घड्याळावर सोडावे. ज्या घड्याळाने बोलावले त्याच घड्याळाने सोडावे. नाहीतर ती चोरी होय. मुलांना सांगितले आहे.’”

तिने वही खाली ठेवली. दादा पुढे वाकून ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचत होते.

“बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“सांगितलं होतं, बाळ्या. आपल्या दोघांनाही. भट्टीपाशी उभं करून.” आत्याने वहीवर बोट ठेवलं. “अर्धं लक्षात ठेवलं आपण. सोयीचं होतं तेवढं.”

दादांनी मांडीवरचा एक कान बोटात फिरवला. मग त्यांनी केलं ते कुठलाही मालक करतो तेच. दार लोटलेलं आहे ना, हे पाहिलं.

“ठीक आहे. चूक आहे, मान्य. रविवारी कुणी नसताना घड्याळ ठीक करून टाकू. चावी ठेव तुझ्याकडे, सूनबाई. तिघी राहू देत. पण घरातली गोष्ट घरात. बाहेर एक अक्षर नको.”

झालं होतं. जे मागायला ती आली होती ते सगळं टेबलावर होतं. चावी, तिघींची कामं, आणि वर सासऱ्याच्या तोंडचं ‘मान्य’. शहाणी बाई असती तर उचलून निघाली असती. धाकटीच्या डोळ्यांपुढे फळा आला. त्यावर पहिल्या ओळीत रोज तेच नाव, खडूचं, गिरवून गिरवून जाड झालेलं. साडेआठ म्हणजे खरे किती? आठ वाजून पाच मिनिटं. पाच मिनिटांसाठी त्या बाईचं नावसुद्धा गेलं होतं.

तिने चावी उचलली नाही.

“नाही, दादा. चढताना गुपचूप चढलात. उतरताना दिवसाढवळ्या उतरायचं.”

“धाकटे, तू सासऱ्याशी बोलते आहेस,” मॅनेजर म्हणाला.

“तुमच्याशीही बोलते, भाऊजी. फाटकावर तुम्ही किती वाजता उभे राहता?”

“पावणेआठला. रोज. कधी चुकलो नाही.”

“म्हणजे सात वीसला. तुमचीही पंचवीस मिनिटं रोज गेली. तुमची पोरगी विचारते ना, बाबा सकाळी दिसत का नाहीत? आठ महिने तुम्ही स्वतःच्याच खिशात हात घालत होता.”

हा हिशोब मॅनेजरने केला नव्हता. जगाची मिनिटं मोजणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एखाद्या लेट झालेल्या माणसाचा भाव आला.

“आणि दहाची गाडी?” तो शेवटचं म्हणाला. “फडकं टांगून गाडी सुटते का?”

आत्या उठली. “गाडीचं मी बघते. आदल्या दिवशीचा माल सकाळी भरायचा. फडक्याने कप येत होते तेव्हा इतके फुटके परत येत नव्हते. हे मी आठ महिने गिळून बसले होते, कारण तू माझा लाडका.” ती धाकटीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. “आता मी हिच्या बाजूची. लिहून घ्या पाहिजे तर.”

दादांनी दाराकडे पाहिलं. धाकटा तिथे नव्हता. सगळे बोलत असताना त्याने कोपऱ्यातलं ते डुगडुगतं स्टूल उचललं होतं आणि अंगणात, सगळ्या खिडक्यांना दिसेल अशा जागी, घंटेच्या खांबाशेजारी नेऊन ठेवलं होतं. मग तो दारात परत आला. “दादा,” तो म्हणाला, “पाय मी धरतो. पडणार नाही तुम्ही.”

वह्या आणि वाद यांत दीड तास गेला होता; भिंतीवर सहाला दोन मिनिटं कमी होती.

म्हातारा उठला. एकदा मनगटाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि कानांच्या ढिगावर ठेवून दिलं. अंगणात तो गेला तेव्हा साचेवाल्याची शीळ थांबली. स्टुलावर चढताना त्याचा एक हात धाकट्या मुलाच्या खांद्यावर होता. दुसऱ्या बाजूने, कुणी न सांगता, थोरल्याने स्टुलाचा पाय धरला.

काचेतल्या घड्याळात सहाचा ठोका पडला आणि दादांनी घंटा वाजवली.

खरे साडेपाच आणि पाच मिनिटं झाली होती. अकरा वर्षांत त्या घंटेने इतका उजेड पाहिला नव्हता. खोल्याखोल्यांतून माणसं बाहेर आली, आणि सुटी झाली की आग लागली, हे न कळून उभी राहिली. स्टुलावरूनच दादांनी सांगितलं. फार चांगलं नाही सांगितलं. दोनदा अडखळले, एकदा ‘आमच्याकडून’ म्हणाले आणि दुरुस्त करून ‘माझ्याकडून’ म्हणाले. सकाळचं घड्याळ तेच संध्याकाळचं. उद्यापासून काटे खऱ्या वेळेवर. कानखोली फडक्यावर चालेल. फळा जाईल. दहा म्हणाले, मग पंधरा, मग वीस, मग पंचवीस, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी माणसाचं नाव लावलं, स्वतःचं आधी.

मग कानखोलीच्या खिडकीतून कुणीतरी ते पांढरं फडकं बाहेर फडकावलं, आणि अंगणात जो गलका उठला तो भट्टीलाही ऐकू गेला असेल. कुणी पेटीतला मोबाइल काढून डोक्यावर धरला. साचेवाला वेड्यासारखा शीळ घालत सुटला. आत्या पेन्सिल हवेत नाचवत होती. धाकटीने कचेरीत जाऊन टेबलावरची चावी घेतली आणि कमरेला खोचली; आता कुठे ती तिची झाली.

फडकं हातोहात फाटकापर्यंत गेलं. साडेआठने ते नळाखाली धरलं, पिळलं आणि फळ्यावरची सातही नावं पुसली. स्वतःचं शेवटी पुसलं. खडू जुना होता, दोनदा घासावं लागलं.

मग ती वळली. गल्ली समोर उघडी होती, आई घरी वाट बघत होती, आणि घंटा तर होऊन गेली होती. पण ती फाटकाबाहेर गेली नाही. अंगण ओलांडून परत आली आणि दादांसमोर उभी राहिली. दादा अजून स्टुलावरच होते, त्यामुळे तिला मान वर करावी लागली. तिच्यामागे बाकीच्या दहा जणीही थांबल्या. धाकटी सगळ्यांच्या शेवटी, चावीवर हात ठेवून.

“दादा, मी आठ वाजून पाच मिनिटांनी येत होते,” ती म्हणाली. “आईला भरवून, पळत. आठ महिने मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही. तुम्हीही नाही. फळा पुसला, बरं झालं. पण मला एकच सांगा, सगळ्यांसमोर सांगा. या कारखान्यात उशिरा कोण येत होतं?”

दादांनी काचेतल्या घड्याळाकडे पाहिलं.

“तिकडे बघू नका. आज आमच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. आम्ही थांबतो. बोला.”